ऋण फेडायचं कोणाकडे?

२०१९च्या विधानसभेला पुसद तालुक्यातल्या आमच्या म्हाताऱ्या माणसांची मोठी पंचाईत झाली. राष्ट्रवादीकडून इंद्रनील नाईक उभे होते आणि भाजपकडून निलय नाईक. दोघंही एकाच घराण्यातले. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणत असू, तेव्हा नव्वदीला टेकले होते. मतदानाच्या दिवशी त्यांनी जन्मभर एकच प्रश्न विचारला होता, "नाईकायचं निशाण कोणतं?" त्या वर्षी या प्रश्नाला दोन उत्तरं निघाली. बा खाटेवर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तं मंग साहेबायचा खरा कोणता?"

साहेब म्हणजे वसंतराव नाईक. ते १८ ऑगस्ट १९७९ला सिंगापूरमध्ये वारले. चाळीस वर्षांनंतरही बांच्या हिशेबात मत त्यांनाच पडत होतं. बटण दाबायला तेवढं कोणीतरी जिवंत माणूस लागे.

मी बंजारा तांड्यात जन्मले, विमुक्त जातींच्या आश्रमशाळेत शिकले आणि तांड्यावरच्याच शाळेत मास्तरीण झाले. आता निवृत्त आहे. माझा भाचा पुण्यात शिकून आलेला. बांच्या या प्रश्नावर तो हसला आणि "ही गुलामी आहे, आत्या" म्हणाला. ते मला लागलं. पण बांचं बरोबर होतं असंही मला वाटत नव्हतं. मेलेल्या माणसाचे उपकार जिवंत वारसाकडे फेडायचे असतात का? निवडणूक संपली, निकाल लागला, इंद्रनील नाईक आमदार झाले, पण हा प्रश्न माझ्यापुरता तिथे मिटला नाही. तो राजकारणाचा वाटतो, मला मात्र तो धर्माचा वाटतो.

आधी उपकार काय होते ते सांगते, कारण भाच्याच्या पिढीला ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखे वाटतात. इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत ठिकठिकाणचे आमचे तांडेही होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, ५ डिसेंबर १९६३ला, पुसदजवळच्या गहुलीच्या फुलसिंग नाईकांचा मुलगा महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला आणि फेब्रुवारी १९७५पर्यंत राहिला. ज्या माणसांना गावाच्या वेशीबाहेर थांबवत, त्यांच्यातला एक सचिवालयात बसून सही करत होता. ही गोष्ट आकड्यांत मोजता येत नाही. बा तहसील कचेरीत पहिल्यांदा खुर्चीवर बसले ते त्या काळात, आणि हे ते दर दिवाळीला सांगत.

मोजता येतं तेही कमी नाही. हायब्रीड ज्वारी आली. आमची याडी, म्हणजे आई, तिला नावं ठेवायची, भाकरीला चव नाही म्हणायची, पण कणगी भरलेली असायची. दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं साहेब १९६५ साली शनिवारवाड्यासमोर म्हणाले होते. मुख्यमंत्र्यानं असं काही बोलावं, हे आता कल्पनेतही येत नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. बांनी खडी फोडली, आम्ही पोरांनी सुकडी खाल्ली. म्हणून १ जुलै, त्यांचा जन्मदिवस, राज्यभर कृषी दिन असतो आणि परभणीच्या विद्यापीठाला २०१३पासून त्यांचं नाव आहे.

पुढे घराणं चालू राहिलं. पुतणे सुधाकरराव जून १९९१ ते फेब्रुवारी १९९३ मुख्यमंत्री होते, पाणी अडवण्याचं वेड असलेले, आणि मुंबईच्या दंगलींनंतर पायउतार झालेले. मग मनोहरराव मंत्री, मग इंद्रनील आमदार आणि २०२४च्या शेवटी राज्यमंत्री. १९५२पासून पुसदचा आमदार म्हटलं की बहुतेक वेळा नाईकच.

आता दुसरी बाजू. शाळेत माझ्यासोबत एक आंध आदिवासी गुरुजी होते, माझ्याहून थोडे मोठे. ते एकदा मधल्या सुट्टीत शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या तांड्याले जे दिसलं ते आमच्या वाडीले दिसलं नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माणूस जिथे उभा असतो तिथून त्याला दिसतं, एवढंच. आमच्या जिल्ह्यात कृषी दिनाखेरीज आणखी एक तारीख पाळतात, १९ मार्च. १९८६ साली त्या दिवशी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. आता कितीतरी लोक त्या दिवशी उपास करतात. चिलगव्हाण आणि गहुली, दोन्ही एकाच जिल्ह्यात. या घराण्यावरून आमच्याकडे घराघरांत जी फूट आहे ती पुष्कळदा याच दोन तारखांमधली आहे. कुणाला १ जुलै आठवतो, कुणाला १९ मार्च. मुंबईतले जुने कम्युनिस्ट कार्यकर्ते तिसरंच काही सांगतील, कारण त्यांच्या संघटना मोडायला साहेबांनी शिवसेनेला हात दिला म्हणून त्या काळी सेनेला 'वसंतसेना' म्हणत.

घराण्यावरून अशी फूट फक्त आमच्याकडेच आहे असंही नाही. थायलंडमध्ये शिनावात्रा घराण्यावरून देश लाल शर्ट आणि पिवळ्या शर्टांत फाटला. थाकसिन २००१ला पंतप्रधान झाले, तीस बाथमध्ये दवाखान्यात उपचार मिळू लागले, २००६ला लष्करानं त्यांना घालवलं. ईशान्येकडच्या भात पिकवणाऱ्या खेड्यांनी ते तीस बाथ विसरले नाहीत. त्यांनी २०११ला बहीण यिंगलक यांना निवडून दिलं, २०२४ला मुलगी पेतोंगतार्न पंतप्रधान झाल्या आणि २०२५ला न्यायालयानं त्यांना काढलं. बँकॉकच्या शिकलेल्या लोकांना ही खेड्यातली अडाणी लाचारी वाटते. भाच्याचं हसू मला तिथेही ऐकू येतं. पण २०२३च्या निवडणुकीत शिनावात्रांचा पक्ष दुसरा आला आणि तरुणांचा एक नवा पक्ष पहिला. शिनावात्रांना मानणाऱ्या लाल शर्टवाल्यांच्या पोरांनी बापाचं ऋण आपल्या डोक्यावर घेतलं नाही, असं मी त्यातून समजते. आणि तो तर बुद्धाचा देश. प्रत्येक माणूस आपल्याच कर्माचा वारस, बापाच्या कर्माचा नव्हे, हे तिथल्या लहान पोरालाही शिकवतात.

म्हाताऱ्यांच्या या निष्ठेवर भाच्याकडे तयार उत्तर असतं. २५ नोव्हेंबर १९४९ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो तो मला ऐकवतो. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. थोरांबद्दल कृतज्ञ राहायला हरकत नाही, पण तिला मर्यादा आहे, हेही ते तिथेच म्हणाले होते. भाचा पहिला भाग मोठ्यानं सांगतो आणि हा दुसरा भाग भरभर संपवतो. मला दुसराच महत्त्वाचा वाटतो. कृतज्ञता खोटी आहे असं बाबासाहेब म्हणत नाहीत.

मर्यादा कुठे आखायची, हे मी आपल्या जुन्या ऋणविचारात शोधलं. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. (ते वचन ब्राह्मणापुरतं आहे, हे मला माहीत आहे. तांड्यातल्या बाईनं ते उसनं घेतलं म्हणून कोणाला राग येत असेल तर येवो.) शतपथ ब्राह्मणानं चौथं मनुष्यऋण सांगितलं. ही ऋणं फिटतात कशी ते बघा. देवांचं यज्ञानं फिटतं, ते तर थेट सावकाराकडेच गेलं. पण ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं. ऋषीच्या मुलाच्या घरी धान्य पोचवून नव्हे. पितरांचं ऋण संततीनं फिटतं, म्हणजे घेतलं मागच्यांकडून आणि दिलं पुढच्यांना. मनुष्यऋण दारी आलेल्या पाहुण्याला जेवू घालून फिटतं, मग तो कोणाचा का असेना. या यादीत उपकारकर्त्याचा वारस कुठेच नाही.

यावर एक आक्षेप मीच घेते, कारण तो खरा आहे. गुरुपुत्राला गुरूचा मान द्यावा ही आपलीच रीत. अश्वत्थाम्यानं रात्री झोपेत द्रौपदीची पाचही मुलं मारली, तरी गुरुपुत्र म्हणून पांडवांनी त्याला जिवंत सोडलं. पण सोडताना त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला. (तुलना यापुढे ताणू नये, आमच्याकडे कोणी कोणाच्या जिवावर उठलेलं नाही.) मान द्रोणाचार्यांचा म्हणून दिला आणि मणी मात्र ठेवू दिला नाही. हे दोन व्यवहार वेगळे ठेवता येतात, एवढंच मला त्या गोष्टीतून घ्यायचं आहे. नाईकांच्या घरातलं कोणी दारी आलं तर मी उठून उभी राहते, पाटावर बसवते, चहा करते. मत म्हणजे कपाळावरचा मणी आहे. तो मानाबरोबर आपोआप जात नाही.

आमच्या सेवालाल महाराजांची शिकवणही याच वाटेची. आधी जाणून घ्या, मग पारखा, आणि मगच माना, असा तिचा अर्थ. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत दरवर्षी लाखो माणसं हीच शिकवण भोंग्यावर ऐकतात आणि त्याच आवारात पुढाऱ्यांचे मोठमोठे फलक लागलेले असतात. ही पारख आमच्या म्हाताऱ्यांनी केली नाही, असं भाचा म्हणतो. मी म्हणते, केली. बांनी वसंतरावांना पारखलं होतं, खडी फोडताना, कणगी भरताना, कचेरीतल्या खुर्चीवर बसताना. चूक त्या पारखण्यात नाही. एकदा केलेली पारख तीन पिढ्यांना पुरते असं धरलं, तिथे गडबड आहे. आणि भाचाही नाईक हे आडनाव दिसलं की न पारखताच नाकारतो. आडनावावर मत देणं आणि आडनावावर मत न देणं, दोन्हींत माणूस बघायचा राहूनच जातो. निलय आणि इंद्रनील यांच्यात कोण काय बोललं, कोणाचं काम काय, हे त्या वर्षी आमच्या घरात ना बांनी विचारलं ना भाच्यानं.

गंमत अशी की ज्यांच्या नावानं ही वारसाहक्काची निष्ठा चालते, ते वसंतराव स्वतः वारशानं चालणारे नव्हते. त्यांनी १९४१ साली नागपूरच्या घाटे घराण्यातल्या ब्राह्मण मुलीशी लग्न केलं. तांड्याच्या रिवाजात तेव्हा हे बसणारं नव्हतं. त्यांनी तांड्याचा मान ठेवला, तांड्यासाठी जन्मभर झटले, पण लग्न कोणाशी करायचं हा निर्णय तांड्याच्या हाती दिला नाही.

बा गेले. २०२४च्या निवडणुकीला प्रचाराची पोरं आमच्या दारी आली. त्यांतला एक माझाच जुना विद्यार्थी. तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "बाई, साहेबायचे उपकार तुमी तं इसरणार नाही." मी म्हटलं, "नाही इसरत. आश्रमशाळेनं मले शिकवलं, ते मी नोकरीभर तांड्यातल्या पोराईले शिकवून फेडलं. तुलेच पाढे शिकवले त्यात. आता तू सांग, दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीले जाते, पोरं सोबत जातात, वर्ग रिकामा होते. त्याचं तुमचा उमेदवार काय करणार?"

त्यानं हातातला कागद उलटापालटा करून पाहिला. त्यात ते नव्हतं. "इचारून सांगतो, बाई," म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.