बेड्या आणि ‘प्लीज’

वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं, पाहुण्यांशी कसं बोलावं, हे आपल्याला लहानपणी घोटून घोटून शिकवतात. चोराशी कसं बोलावं हे मात्र कुणी शिकवत नाही. तो राहून गेलेला धडा मला शेरलॉक होम्सच्या एका गोष्टीत सापडला.

‘द रेड-हेडेड लीग’ ही कॉनन डॉइलची १८९१ सालची गोष्ट. तिच्यातला चोर जॉन क्ले. आजोबा राजघराण्यातले ड्यूक, शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डचं. म्हणजे मुलींच्या बापांनी उंबरे झिजवावेत असं स्थळ! हा गृहस्थ वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या एका दुकानदाराकडे निम्म्या पगारावर नोकरी धरतो. मालकाचे केस तांबडे. तेवढ्या भांडवलावर क्ले तांबड्या केसवाल्यांची एक बनावट संस्था उभी करतो आणि मालकाला तिथं रोज चार तास विश्वकोश उतरवायला बसवतो. पगार आठवड्याला चार पौंड. शाई-कागद ज्याचा त्यानं आणायचा. मालक तिकडे ‘ए’ अक्षर गिरवतोय, तोवर इकडे दुकानाच्या तळघरातून मागच्या बँकेपर्यंत भुयार! बँकेत फ्रान्सहून आणलेली सोन्याची तीस हजार नाणी.

होम्स आणि पोलीस त्याला बँकेच्या तळघरातच धरतात. आता खरी गंमत. बेड्या पडताना क्लेसाहेब पोलिसांना बजावतात, की ते घाणेरडे हात मला लावू नका. माझ्या अंगात राजरक्त आहे, तेव्हा बोलताना ‘सर’ आणि ‘प्लीज’ म्हणत चला! माती उकरून उकरून स्वतःच्या विजारीचे गुडघे मळलेत, आणि घाणेरडे कोण, तर पोलीस. स्कॉटलंड यार्डचा जोन्स हसतो खरा, पण थट्टेनं का होईना, ‘सर’ म्हणतो, ‘प्लीज’ म्हणतो, गाडीपर्यंत चलण्याची विनंती करतो. क्ले झोकात लवून सर्वांचा निरोप घेतो आणि आपण वाचक मनातल्या मनात म्हणतो, वा! चोर असावा तर असा!

पण जोन्सनंच आधी क्लेची ओळख करून दिलेली असते. चोर, खोटी नाणी खपवणारा, बनावट कागद करणारा वगैरे. आणि या यादीत पहिला शब्द आहे ‘खुनी’. तो आपण सोयीस्कर विसरतो. कुणाचा खून केला होता त्यानं? गोष्टीत नाव नाही. आपणही विचारत नाही. मेला त्याचा आजोबा ड्यूक नसणार.

पुढं डॉइलच्या मेहुण्यानं, हॉर्नंगनं, १८९८ साली असाच एक सभ्य चोर थेट नायक करून टाकला. त्याचं नाव रॅफल्स. दिवसा क्रिकेट, रात्री दागिने. डॉइलला लिखाण आवडलं; पण गुन्हेगाराला नायक करू नये, असं आपलं मत त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट नोंदवून ठेवलं. मत अगदी बरोबर. फक्त चोराला ‘सर’ म्हणायला सात वर्षं आधी शिकवलं कुणी?

आता क्लेला सोडून आपल्या गर्दीच्या बसमध्ये या. पाकीटमार सापडला की काय होतं? ज्याचं पाकीट गेलं तो बाजूलाच राहतो. ज्यांचं कधीच काही गेलं नाही ते हात धुऊन घेतात. पोराच्या आजोबांची चौकशी कुणी करत नाही. त्यानं चुकून म्हटलं, की माझ्याशी जरा नीट बोला, तर आणखी दोन बसतील. चोरी बारा रुपयांची असली तरी!

माझं म्हणणं असं, की क्लेची मागणी रास्तच होती. कारण तेवढं चुकीचं दिलं. पकडलेल्या माणसाशी माणसासारखं बोलावं ते त्याच्या रक्तात राजा आहे म्हणून नव्हे, रक्त आहे म्हणून. बेड्या घाला, खटला भरा, शिक्षा करा. पण ‘प्लीज’ वंशावळ बघून वाटू नका.

हे बोलणं सोपं आहे. तुम्ही एकदा खवळलेल्या गर्दीत शिरून त्या पोराला म्हणून पाहा, “चला साहेब, जरा चौकीपर्यंत यायचं बरं का!” लोक त्याला सोडतील आणि तुम्हाला धरतील. साथीदार समजून.