बेनिशानची कोय



आदिलाबादच्या बाजारातून बेनिशान आणला, गोड निघाला, की लेकरू म्हणतं, बाबा, हीच कोय अंगणात लावू. लावा, जरूर लावा. पण त्या कोयीतून बेनिशानच येईल असं नाही हं. मोहरावर माश्या बसतात, कुठल्या कुठल्या झाडाचा पराग आणतात. उगवतं ते रायवळ, आपल्याच चवीचं. तोच आंबा हवा तर कलम बांधावं लागतं.

आणि आपण? दहावीचा निकाल लागला की पोराला म्हणतो, काकाच्या मुलासारखा का नाही झालास? लेकरू आपल्या पोटचं खरं, पण त्याच्यात आजा-पणजाचंही काही उतरलेलं असतं. मार्कांवरून दोन-दोन दिवस घरात अबोला, आणि संध्याकाळी आरती! गुरुमाऊलींना ही आरती कशी पोचेल?

संस्कार करूच नयेत असं नाही. कलमसुद्धा रायवळाच्या रोपावरच बांधतात, मुळं त्याचीच असतात.

मृग लागला की ताजी कोय लावा, वाळली तर उगवत नाही. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब दिसेल. फळाला सहा-आठ वर्षं तरी लागतील. पाणी लेकराच्या हातूनच घाला.