फलकावरची तीन नावं

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याबाहेर जाळीचं दार असलेला एक लाकडी फलक होता. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्यावर सूचना लागली: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मुलींचा कबड्डी संघ पाठवायचा आहे, इच्छुक विद्यार्थिनींनी आठ दिवसांत नावं द्यावीत. आठ दिवसांनी कागदावर तीन नावं होती. संघ झाला नाही. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी वर्गात येऊन सांगितलं, मुलींना आवड नाही. ते काही वाईट बुद्धीने बोलत नव्हते. त्यांनी विचारलं होतं, आठ दिवस वाट पाहिली होती, आणि हातातल्या कागदावर खरोखरच तीन नावं होती.

तो कागद मला बऱ्याच वर्षांनी आठवला, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांविषयी वाचत असताना. एखाद्या नव्या खेळाचा संघ काढावा इतकी आवड विद्यार्थ्यांना आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल जिमखान्याच्या खोलीत लागतो. तिथे तो कोर्टापर्यंत गेला, सरकारं बदलली तशी त्याची उत्तरंही बदलली, आणि अजून त्यावर वाद चालू आहे.

या वादाच्या मुळाशी 23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झालेला कायदा आहे. पॅट्सी मिंक, एडिथ ग्रीन आणि सिनेटर बर्च बाय यांनी तो लावून धरला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष असण्यावरून कुणाला वगळता येणार नाही, एवढंच तो सांगतो. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या मुख्य कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही, तरी त्याचा सर्वांत मोठा परिणाम मैदानावर दिसला. 1971-72 साली तिथल्या हायस्कुलांमधून खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. कॉलेजच्या संघांमधून तेव्हा सुमारे तीस हजार मुली खेळत होत्या, आज दोन लाखांहून जास्त खेळतात. 1972 साली कुणी अमेरिकेतल्या मुलींना घरोघर जाऊन विचारलं असतं, तर या आजच्या संख्येच्या जवळपास जाणारं उत्तर मिळालं असतं का? मला नाही वाटत. आवड मोजण्याच्या कुठल्याही पद्धतीविषयी बोलण्याआधी मी हा प्रश्न स्वतःला विचारते.

कायदा झाला, पण तो पाळला गेला की नाही हे ठरवायचं कसं? 1979 साली सरकारने त्यासाठी तीन वाटा आखून दिल्या, आणि कॉलेजने त्यांपैकी एक चालून दाखवली तरी पुरे असं ठरवलं. खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण विद्यार्थ्यांमधल्या त्यांच्या प्रमाणाशी जुळावं, ही पहिली. मुलींचे खेळ वाढवत नेण्याचा इतिहास असावा आणि तो चालू असावा, ही दुसरी. आणि ज्या बाजूला संधी कमी आहे तिची आवड आणि क्षमता यांची पूर्ण दखल घेतलेली असावी, ही तिसरी. पहिल्या दोन वाटांवर हिशेब मांडता येतो. तिसरीवर आल्यावर माणसाच्या मनाचा हिशेब कसा करायचा, हे कोडं पडतं.

ब्राउन विद्यापीठाचा खटला हे कोडं समजून घ्यायला फार उपयोगी आहे. ऱ्होड आयलंडमधलं हे जुनं, नावाजलेलं विद्यापीठ. मुलींचं पेम्ब्रोक कॉलेज 1971 साली त्यात विलीन झालं आणि पुढच्या सहा वर्षांत मुलींचे जवळजवळ सगळे संघ उभे राहिले. त्यानंतर वाढ जवळपास थांबली. 1991 साली खर्च कमी करण्यासाठी विद्यापीठाने चार संघांचा निधी काढून घेतला: मुलींचं जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, मुलांचं गोल्फ आणि वॉटर पोलो. दोन्हीकडचे दोन-दोन, म्हणजे वरवर पाहता न्यायच. पण मुलींच्या दोन संघांमागे वर्षाचे सुमारे बासष्ट हजार डॉलर वाचत होते आणि मुलांच्या दोन संघांमागे सोळा हजारांहूनही कमी. एमी कोहेन या जिम्नॅस्टच्या नावाने मुली कोर्टात गेल्या. खटला चालू असताना, 1993-94 साली, विद्यार्थ्यांमध्ये मुली 51 टक्के होत्या आणि खेळाडूंमध्ये 38.

विद्यापीठाचा बचाव असा होता की मुलींना मुळात खेळात रस कमी असतो, म्हणून संधीही रसाच्या प्रमाणात द्याव्यात. ऐकायला यात गैर काही वाटत नाही. ज्याला भूक जास्त त्याच्या पानात जास्त, हे कुठल्याही घरात चालतं. अपील कोर्टाने 1993 आणि 1996 च्या निकालांत हा बचाव मान्य केला नाही. आवड आणि क्षमता पोकळीत वाढत नाहीत, संधी आणि अनुभव मिळेल तशा त्या वाढतात, असं कोर्टाचं म्हणणं होतं. मुलींचा रस कमी आहे हे दाखवणारे आकडे आणले, तर ते आजवरच्या वगळण्याचंच मोजमाप ठरतात. त्या आकड्यांवरून पुढची संधी ठरवली, तर आज जे आहे तेच कायमचं गोठून जाईल. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि 1998 मध्ये समझोता झाला.

हा निकाल वाचताना मला आमच्या सरांच्या हातातला कागद पुन्हा दिसला. त्यावरची तीन नावं खोटी नव्हती. चूक होती ती कागदाने काय मोजलं या समजुतीत.

पुढे 2005 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने तिसऱ्या वाटेवर चालायची एक सोपी युक्ती सांगितली. कॉलेजने सगळ्या विद्यार्थ्यांना ईमेलने एक ठरावीक प्रश्नावली पाठवावी. पुरेशी आवड दिसली नाही, तर नवा संघ काढण्याची जबाबदारी सामान्यतः उरणार नाही. ज्यांनी उत्तरच दिलं नाही, त्यांनाही आवड नाही असं धरायची मुभा होती. आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात. लग्नाच्या बोलणीत मुलगी गप्प राहिली की ती तयार आहे, हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या काढला गेला. इथे त्याच मौनाचा अर्थ उलटा, नकार. दोन्हीकडे अर्थ काढणारा स्वतःच्या सोयीचा अर्थ काढत होता, आणि गप्प राहणारीला त्या अर्थाची किंमत मोजावी लागत होती. कॉलेजांच्या क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, सदस्य कॉलेजांना ही युक्ती न वापरण्याचं आवाहन केलं. एप्रिल 2010 मध्ये सरकारने ती मागे घेतली.

न उघडलेल्या ईमेलचा मुद्दा कुणालाही पटेल. पण उत्तरं शंभर टक्के आली असती, तरी अशा सर्वेक्षणात एक खोल दोष राहिलाच असता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रश्न विचारला जातो तो कॉलेजात आधीच असलेल्यांना. जी मुलगी हायस्कुलात चार वर्षं वॉटर पोलो खेळली, ती प्रवेश घेतानाच वॉटर पोलो असलेलं कॉलेज निवडते. ज्या कॉलेजात तो खेळ नाही तिथे ती येतच नाही, मग तिथल्या सर्वेक्षणात ती सापडणार कशी? शिवाय संघ उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर ‘हो’ म्हणणाऱ्या पदवी घेऊन गेलेल्या असतात. विचारलं एकींना जातं आणि खेळणार असतात दुसऱ्याच.

रोइंगचं उदाहरण तर सर्वेक्षणाच्या कल्पनेलाच धक्का देतं. अमेरिकेतल्या बऱ्याच मुलींनी कॉलेजात येईपर्यंत वल्हं हातात धरलेलं नसतं. तरीही प्रशिक्षक सत्राच्या सुरुवातीला आवारात फिरून उंच, काटक मुलींना गाठतात, पहाटे नदीवर बोलावतात, आणि वर्षभरात त्यांतल्या काही जणी आठ जणींच्या नावेत बसून शर्यतीत उतरतात. त्यांना आदल्या वर्षी विचारलं असतं तर रोइंगपुढे त्यांनी फुलीच मारली असती. एनसीएएने 1994 साली मुलींसाठी ‘उदयोन्मुख खेळां’ची यादी केली, त्यात नऊ खेळ होते. कॉलेजांनी ते सुरू करावेत, ठरावीक मुदतीत चाळीस कॉलेजांत संघ उभे राहिले तर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू व्हावी, नाहीतर खेळ यादीतून जावा, अशी ती योजना. रोइंगची स्पर्धा 1997 साली सुरू झाली, आईस हॉकी आणि वॉटर पोलोची 2001 साली, बोलिंगची 2004 साली. तिरंदाजी आणि बॅडमिंटन मात्र यादीतून गेले. आपल्या वाचकाला बॅडमिंटनचं आश्चर्य वाटेल, पण मला ही योजना आवडते ती नेमकी त्यामुळेच. तिच्यात ‘नाही’ हे उत्तरही मिळतं, आणि ते खेळ मैदानात आणून पाहिल्यावर मिळतं.

याचा अर्थ आवड तपासूच नये, असं मी म्हणत नाही. पैसा कुठल्याही कॉलेजकडे मोजकाच असतो. प्रशिक्षक, मैदान, प्रवास, किट, दुखापतीचा दवाखाना हे सगळं लागतं, आणि कुणी खेळायलाच नसेल तर ते कुणासाठी उभं करायचं? अमेरिकेतल्या पुरुष कुस्तीगिरांचं दुःख मला इथे बाजूला सारता येत नाही. अनेक कॉलेजांनी मुलांचे कुस्तीचे संघ बंद केले आणि दोष टायटल नाइनवर टाकला. कुस्ती प्रशिक्षकांच्या संघटनेने शिक्षण खात्यावर खटलाही भरला, तो फेटाळला गेला. त्या मुलांची आवड कुणी सर्वेक्षणातून शोधायची गरज नव्हती. मॅटवर रोज घाम गाळून त्यांनी ती सिद्ध केली होती. पण मोठ्या कॉलेजांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघांना अनेक वर्षं पंच्याऐंशी शिष्यवृत्त्या मिळत होत्या. तिथली कपात टाळून कुस्तीवर कुऱ्हाड चालवली गेली, तर तो निर्णय कायद्याने घेतला असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. तो कॉलेजांनी घेतला. आणि 2026 पासून मुलींच्या कुस्तीला एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेचं स्थान मिळालं आहे. मुलींना कुस्ती आवडत नाही, हे वाक्य किती खात्रीने उच्चारलं जात होतं हे आठवायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जायला नको.

मग तपासायचं कसं? कोर्टांनी आणि खात्यानेही वेळोवेळी जे सांगितलं त्यात एक साधं शहाणपण आहे. प्रश्नावली असावी, पण एकटी नसावी. कॉलेजात क्लब म्हणून कुणी काय खेळतं, ज्या शाळांमधून मुली येतात तिथे कोणते संघ आहेत, आसपासच्या कॉलेजांत स्पर्धा मिळेल का, कुणी अर्ज केले, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावं. म्हणजे ज्याने निर्णय घ्यायचा त्याने पायपीट करावी. मुलीने फलकापर्यंत चालत यावं आणि विचारणाऱ्याने खुर्चीत बसून राहावं, ही वाटणी बदलली की अर्धं काम होतं.

येल विद्यापीठातल्या मुलींनी तर स्वतःच चालत जाऊन दाखवलं. त्यांची रोइंगची आवड नदीवर रोज दिसत होती, पण नौकाघरात मुलींसाठी शॉवर नव्हते. मुलं अंघोळ करून येईपर्यंत त्या भिजलेल्या कपड्यांत थंडीत बसमध्ये बसून राहायच्या. 3 मार्च 1976 रोजी क्रिस अर्न्स्ट आणि तिच्या सहकारी अशा एकोणीस जणी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या कार्यालयात गेल्या, कपडे उतरवले, अंगावर ‘टायटल नाइन’ लिहिलेलं होतं. आवड आहे की नाही याची चौकशी करणाऱ्यांच्या समोर त्या ती अंगावर लिहून उभ्या राहिल्या होत्या.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण आपल्याकडचं एक उदाहरण मला या संपूर्ण वादात सर्वांत बोलकं वाटतं. टायटल नाइनच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल 1973 मध्ये, पुण्यात मुलींच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ आले तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. कुणी त्या तीन संघांकडे पाहून देशातल्या मुलींना क्रिकेटची आवड नाही असा शेरा मारून वही मिटली असती, तर त्यालाही आकड्यांचा आधार होता. स्पर्धा भरवणाऱ्यांनी तसं केलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला आठ संघ आले. त्यानंतर कोलकात्याला चौदा. 1976 मध्ये भारताच्या मुली पहिली कसोटी खेळल्या, त्यांत पुण्याची शुभांगी कुलकर्णी होती. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला.

आमच्या कॉलेजच्या त्या फलकाविषयी एक सांगायचं राहिलं. फलक ज्या बोळात होता तिथे मुलांचा घोळका उभा असे आणि तिथून जाताना आम्ही पावलं उचलायचो. सराव संध्याकाळी सहाला होणार होता, आणि आमच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटायची. चड्डी घालून मैदानावर उतरायचं तर घरी कुणाला काय सांगायचं, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. हे सरांना माहीत नव्हतं, कारण कागदावर त्यासाठी जागा नव्हती. शाळेत असताना मी चांगली चढाई करायचे. पाय लांब होते आणि दम टिकायचा. मी नाव दिलं नाही. कुणी मला प्रश्नावली देऊन कबड्डीची आवड आहे का असं विचारलं असतं, तर मी ‘नाही’ असं लिहून तो कागद परत केला असता, आणि तसं लिहिताना ते खरंच आहे असं मला वाटलंही असतं.