पहिली चढाई कुणाची?

बारामतीतल्या एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघात दोन तगडे चढाईपटू होते, आणि दोघांच्या मागे एकेक तालुका उभा होता.

पहिला तिसऱ्या वर्षाचा, माळेगावकडचा. घरी ऊस, उसाला निरा डाव्या कालव्याचं पाणी, घराण्याचं गावात वजन. 2014 साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली तेव्हा हा प्राथमिक शाळेत होता. चढाईपटू परदीप नरवालची साखळीखालून निसटायची डुबकी बघून त्याने ती वावरातल्या मऊ मातीत घोटून घोटून अंगात भिनवली. बोनस रेषेपलीकडे पाऊल टेकवून निसटण्यात तर त्याला तोड नव्हती. सामना संपला की कागदावर त्याच्या नावापुढे सगळ्यात जास्त गुण असायचे.

दुसरा दुसऱ्या वर्षाचा, इंदापूर तालुक्यातला, भिगवणकडचा. आजोबांची जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली, तेव्हापासून घर मासेमारीवर चालायचं. पहाटे वडिलांबरोबर जाळी ओढायची, मासळी भिगवणच्या बाजारात पोचवायची आणि मग एसटीने बारामती गाठायची. खांदे त्या जाळ्यांनीच घडवलेले. चढाईला गेला की त्याला घाई नसे. तीस सेकंदांतली निम्मी सेकंदं तो समोरच्यांचे पाय वाचण्यात घालवी. दिसायला ही चढाई काही फार देखणी नव्हती. टाळ्या पहिल्याला पडायच्या.

तसे दोघेही सात जणांत बसत होते. वाद होता तो पहिल्या चढाईचा. नाणेफेक झाल्यावर संघाचा मुख्य चढाईपटू म्हणून रेषा कोण ओलांडणार? बाहेरच्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पोरांच्या दृष्टीने त्यात बरंच काही अडकलेलं असतं. निवड समितीची नजर मुख्य चढाईपटूवर असते. विद्यापीठाच्या संघात गेलं की पुढचे दरवाजे किलकिले होतात. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि कोरडवाहू घरातल्या पोराला ते आकडे तोंडपाठ असतात. म्हणून या वादाला कुणी हसू नये. त्याच्या तळाशी पोटाचा प्रश्न होता.

पण वाद पोटापाशी थांबला नाही. आधी कँटीनमध्ये, मग एसटी स्टँडवर, मग व्हॉट्सॲपवर गट पडले. "संघ बारामतीचा, कॉलेज बारामतीचं, मग पहिला मान कुणाचा?" असं एकीकडे. "कालव्याचं पाणी वरच्यांनी प्यायचं आन् आम्ही शेपटाला बसायचं, आता मैदानातबी तेच का?" असं दुसरीकडे. पाण्याचं दुखणं खरं होतं. शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. पण ते दुखणं वीस वर्षांच्या पोराच्या पायात बांधून त्याला मॅटवर सोडायचं, हे मला तरी अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय दोन्ही बाजूंनी चालू होता.

त्याचा परिणाम सरावात दिसायला लागला. कबड्डीत बचाव हातात हात धरून होतो. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी यांची साखळी असते. एका संध्याकाळी समोरून चढाई आली. डाव्या कोपऱ्यावर माळेगावच्याचा जिवलग मित्र, शेजारी भिगवणचा. भिगवणच्याने सवयीने हात मागे केला. कोपऱ्याने तो धरला नाही. अर्ध्या सेकंदाचा खेळ. चढाई करणारा त्या फटीतून आरामात मध्यरेषेकडे गेला. कुणी काही बोललं नाही. शिट्टी वाजली, एवढंच.

क्रीडाशिक्षकांनी ते पाहिलं होतं. त्यांनी सराव थांबवला, सगळ्यांना मॅटच्या कडेला बसवलं आणि कबड्डी सोडून भलतंच सांगायला लागले.

"बाळू पालवणकर माहीत आहेत का कुणाला?"

कुणालाच नव्हते. सरांनी सांगितलं ते असं. पालवणकर दलित समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते क्रिकेटची खेळपट्टी राखायचे, जाळी लावायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरी फिरकी अशी की पुण्यातल्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानावर त्यांनी चेंडूला हात लावलेला चालायचा, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. दरवर्षी वाद व्हायचा, दरवर्षी दुसराच कुणी पुढे केला जायचा. 1920 साली त्यांच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, या अन्यायापायी संघातून अंग काढून घेतलं. शेवटी 1923 साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं.

"म्हणजे सर, भिगवणच्याला पहिली चढाई?" इंदापूरकडच्या एकाने लगेच विचारलं.

"मी त्या वर्षांबद्दल सांगतोय," सर म्हणाले, "जेव्हा चांगला गडी रेषेबाहेर बसला होता आणि त्याला आत आणायला आतल्या कुणीच हात पुढे केला नाही. तुम्ही आज एकमेकांचा हात सोडलात. पहिली चढाई कुणाची ते मी उद्या सांगेन."

सरांकडे एक जुनी शंभर पानी वही होती. गुण लिहायला गुणलेखक असतो, पण सर स्वतःसाठी प्रत्येक चढाईपटूपुढे दोन रकाने आखायचे: 'घेतले' आणि 'उठवले'. कबड्डीचा हा नियम मला सगळ्या खेळांत थोर वाटतो. बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण कायमचा नाही. त्याच्या साथीदाराने समोरचा एक गडी मारला की बाहेरचा एक जिवंत होऊन आत येतो, आणि तेही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. कितीही मोठा खेळाडू असो, बाहेर बसल्यावर त्याला स्वतःच्या बळावर परत येता येत नाही. पण प्रत्येक गुणाने गडी उठतोच असं नाही. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडली की एक गुण मिळतो, पण त्या गुणाने कुणी उठत नाही. गुण फलकावर चढतो आणि बाहेरचा बाहेरच राहतो.

सरांच्या वहीत माळेगावच्याचा 'घेतले' रकाना भरगच्च होता, भिगवणच्याचा 'उठवले'.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, पहिली चढाई माळेगावच्याची. इंदापूरकडची पोरं उठून निघाली. भिगवणचा बसून राहिला. त्यालाही वाईट वाटलं होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. "सर, का, ते सांगाल?"

"सामना सुरू होतो तेव्हा आपले सातही जिवंत असतात. उठवायचं कुणाला? समोरही सात असतात, म्हणजे बोनस खुला. ते काम त्याचं. तुझं काम नंतर येतं. ते कधी येईल, ते मी सांगू शकत नाही."

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना इंदापुरात होता. कारखान्यांचा हंगाम चालू. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी, सगळ्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या. संघाची गाडी त्यांच्या मागे रखडत उशिरा पोचली. मैदानाभोवती गर्दी होती, आणि त्या गर्दीत या संघाचे पाठीराखेही दोन टोकांना वेगवेगळे उभे होते.

पहिली चढाई. माळेगावचा आत गेला, बोनससाठी पाय लांबवला आणि समोरच्या उजव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला. बाकीचे तुटून पडले. गडी बाद.

आणि टाळ्या वाजल्या. समोरच्या संघाकडून तर वाजणारच. पण भिगवणकडच्या लोकांतूनही वाजल्या. त्यात भिगवणच्याचा सख्खा चुलता होता, दोन्ही हात वर करून टाळ्या पिटणारा.

मध्यंतर झालं तेव्हा पोरगा पाणी प्यायलाही न थांबता त्याच्यापाशी गेला. "तात्या, त्यांनी आपला गडी मारला. तुमी टाळ्या कशाला वाजवल्या?"

तात्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण पोरगा ऐकायला थांबला नाही.

उत्तरार्धात गाडी घसरत गेली. माळेगावचा पुन्हा बाद झाला, त्याच्यामागून आणखी चौघे. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा फलकावर 24-26 होतं आणि आपले दोनच गडी आत: भिगवणचा आणि तोच डावा कोपरा, ज्याने हात धरला नव्हता. लोण डोक्यावर, म्हणजे सगळा संघ बाद व्हायची वेळ. लोण बसला की वर दोन गुणांचा भुर्दंड आणि सामना हातचा गेल्यासारखाच. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. ही तिसरी. या चढाईत गुण नाही आणला तर चढाई करणाराच बाद.

समोर सात. बोनस सताड उघडा. त्यांचे कोपरे मागे दबून उभे होते, जणू घे म्हणत होते. पाय टेकवायचा, हात वर करायचा, परतायचं. गुण त्याच्या नावावर लागणार, चढाई वाचणार, तालुका खूश. गर्दी "बोनस, बोनस" ओरडत होती, दोन्ही टोकांनी.

बाहेर बसलेल्यांच्या ओळीत सगळ्यात पुढे माळेगावचा होता. उठण्याचा पहिला नंबर त्याचा.

भिगवणच्याने बोनस सोडला. तो उजव्या कोपऱ्याकडे सरकला आणि वाट पाहत राहिला. सामनाभर त्याने एक गोष्ट हेरली होती. तो कोपरा झेप घेण्याआधी डावी टाच जरा उचलतो. वीस सेकंदं गेली, पंचवीस गेली. टाच उचलली गेली. कोपरा घोट्यावर आला त्याच क्षणी याने पाय मागे ओढून हात त्याच्या पाठीवर मारला आणि मध्यरेषेकडे अंग झोकून दिलं. दोघे कंबर धरायला झेपावले, पण त्यांचा हात लागण्याआधीच याची बोटं रेषेपार टेकली होती.

25-26. माळेगावचा उठून आत आला. काही न बोलता तो भिगवणच्याच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने हात मागे केला. तो धरला गेला. दुसऱ्या बाजूने डाव्या कोपऱ्याने धरला. तिघांची साखळी.

समोरची चढाई आली. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर दोन गुण मिळतात. माळेगावचा हाडाचा चढाईपटू, पकडीला कधी उतरायचा नाही. त्या दिवशी तो सरळ त्या गड्याच्या मांड्यांवर जाऊन आदळला, आणि कोपऱ्याने घोटा सोडला नाही. 27-26.

सामना दोन गुणांनी जिंकला. गाडीत बसण्याआधी सरांनी वही उघडून सगळ्यांसमोर धरली, आणि पोरांनी पहिल्यांदा तो दुसरा रकाना वाचला. तात्या लांब उभे होते. मग जवळ आले आणि माळेगावच्याच्या खरचटलेल्या कोपरावर हळद लावायला कुणाकडे आहे का, ते विचारू लागले.

अंतिम सामन्याला पहिली चढाई पुन्हा माळेगावच्याने केली. तो सामना ते चार गुणांनी हरले. पुढे विद्यापीठाच्या निवड चाचणीला दोघांनाही बोलावणं आलं, निवड भिगवणच्याची झाली. चाचणीआधीचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्याला बोनस रेषेपलीकडे पाय कसा टाकायचा, हे माळेगावच्याने शिकवलं होतं.