आईची मन्नत, लेकाच्या माथी

साद इब्न उबादा हे मदिनेतल्या खजरज टोळीचे सरदार. आईने मानलेली मन्नत फेडायची राहून गेली आणि ती वारली, आता काय करू, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. तिच्या वतीने तूच फेड, असं उत्तर मिळालं. हजला जायची मन्नत मानून आई न जाताच गेली, असं जुहैना टोळीतल्या एका बाईने सांगितलं, तेव्हा पैगंबरांनी उलट विचारलं, की आईच्या डोक्यावर देणं असतं तर ते फेडलं असतंस ना? मला सगळा विचार या देण्याच्या हिशेबावर उभा दिसतो. माणसाला स्वतःच्या प्रयत्नाचंच फळ मिळतं असं कुरआनची ५३वी सूरा सांगते, मग दुसऱ्याने फेडलेलं कसं चालेल, ही शंका रास्त आहे आणि फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी, ती झटकून टाकलेली नाही. राहिलेली रोजची फर्ज नमाज बदली पढावी असं चारही प्रमुख सुन्नी मजहबांची, म्हणजे कायदेपंथांची, प्रचलित मतं सांगत नाहीत. रोजे बदली ठेवू नयेत, त्याऐवजी गरिबांना जेवू घालावं, असं हनफी आणि मालिकी म्हणतात. हजच्या खर्चाबाबत शाफई म्हणतात, वाटण्या होण्याआधी तो मालमत्तेतून काढा. हनफी मतात मृताने वसियत (मृत्युपत्र) केली असेल तरच, तेही मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत, वारसांवर तो बंधनकारक. म्हणजे कोकणातल्या शाफई घरात आणि मराठवाड्यातल्या हनफी घरात एकाच मन्नतीचे दोन हिशेब. मला शाफईंचं पटतं. वसियत नाही म्हणून सावकाराचं देणं कुठे बुडतं?

पण देणं दुसऱ्याला फेडता येतं, दुसऱ्याच्या नावावर काढता येत नाही. पोरगं बरं होऊ दे, ते अनवाणी जाईल, असं आई बोलून मोकळी होते आणि तळपाय पोराचे पोळतात. आपल्या मालकीचं नाही त्याची मन्नत होत नाही, असं हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते. यावर कोणी मरियमच्या आईचा दाखला देईल. तिने पोटातलं मूलच अल्लाहच्या सेवेला वाहिलं होतं. पण काही भाष्यकारांनी नोंदवलंय, की त्या काळी असं वाहिलेलं मूल वयात आलं की राहायचं की जायचं हे त्यालाच ठरवू देत. तेव्हा आईने अल्लाहच्या नावाने बकरा बोलला असेल आणि ती गेली, तर लेकाने तो जरूर द्यावा. त्याच्या पायांवर तिने जे बोललं, ते त्याचं देणं नाही.