चिप बदलली, तानपुरा तोच का?

वीस-पंचवीस वर्षे रोज पहाटे काळी दोनमध्ये बोलणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा एके दिवशी दिवा लागूनही गप्प राहतो, किंवा पंचमाच्या जागी भलताच आवाज काढू लागतो. दुरुस्ती करणारा पेटी उघडतो, अडॅप्टर पाहतो, स्पीकर पाहतो, सोल्डरिंगचे जोड तपासतो. सगळे ठीक निघाले, की संशय येतो तो चिपवर. यंत्राने काय आणि कसे वाजवायचे याची सारी आज्ञावली तिच्यात भरलेली असते आणि कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलेले असते. त्याच मॉडेलचा दुसरा चालू तानपुरा कुणाकडे सापडला आणि त्याच्या चिपला कुलूप घातलेले नसले, तर तिच्यातला मजकूर उतरवून कोऱ्या चिपवर चढवता येतो. नवी चिप बसते, षड्ज लागतो, रियाज पुन्हा सुरू होतो.

हा तानपुरा आधीचाच, की जुन्या खोक्यातला दुसरा?

ज्याने त्या यंत्रासमोर बसून गळा तयार केला, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. खंडेनवमीला त्या पेटीलाही हळदकुंकू वाहिलेले असते. शिवाय सातारा-सांगली हा असा प्रश्न विचारायला फार योग्य मुलूख आहे. कृष्णेच्या एका काठावर वाई आहे; तिथे मीमांसा आणि न्याय या दर्शनांचा अभ्यास विसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. त्याच नदीच्या खालच्या अंगाला मिरज आहे; तिथे सुमारे पावणेदोनशे वर्षे तानपुरे घडतात आणि दुरुस्तही होतात.

आधी चिपकडे नीट पाहायला हवे. इंटेलमध्ये काम करणाऱ्या डॉव्ह फ्रोहमन यांनी १९७१मध्ये ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती तयार केली. तिच्यातले प्रत्येक अक्षर म्हणजे चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असलेल्या एका सूक्ष्म जागेत कोंडलेला विद्युतभार. चिपच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी खिडकी असते. तिच्यातून अतिनील किरण आत सोडले की सगळे पुसले जाते. म्हणूनच त्या खिडकीवर कागदी चिकटपट्टी असते आणि जुन्या वाद्यात ती सुटली असेल तर ती आधी लावावी लागते. पण चिकटपट्टी शाबूत असली तरी भार दशकानुदशके हळूहळू झिरपत राहतो. एका ठिकाणी शून्याचा एक झाला तरी आज्ञेचा अर्थ बदलतो. चिप जागच्या जागी असते, तिच्यावर ओरखडाही नसतो. आतला मजकूर तेवढा पुसट होत गेलेला असतो.

आणि चिपचे सगळे बदल एकसारखे नसतात. यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर १९८३मध्ये आला. त्याच्या मालकांनी पुढे कधी बिघडलेल्या चिपच्या जागी तोच मजकूर असलेली चिप घातली, तर कधी नव्या आवृत्तीची घालून वाद्याला नवे गुण दिले. १९८२च्या लिनड्रम या तालयंत्रात प्रत्येक तालवाद्याचा नमुना वेगळ्या चिपवर होता. चिप बदलली की ढोल बदलत असे. म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी झाल्या: तोच मजकूर नव्या चिपवर, नवा मजकूर जुन्या वाद्यात आणि नवा आवाज जुन्या अंगात. यांना एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, आणि त्यांच्या जवळचे वैशेषिक यांचा मातीच्या घड्यावरचा वाद इथे कामाला येतो. कच्चा काळा घडा भट्टीत भाजून लाल होतो. वैशेषिक म्हणतात, आगीत घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणू लाल होतात आणि त्यांचा नवा घडा जुळतो. नैयायिक म्हणतात, घडा तोच राहतो, रंग तेवढा बदलतो. नाहीतर भट्टीत एकावर एक रचलेली भांडी कोसळली असती. पण कापडातला एक धागा काढला तर काय, या प्रश्नावर नैयायिकही कडक होतात: आधीचे वस्त्र संपले, उरले ते खंडपट, म्हणजे नवे वस्त्र. या हिशेबाने चिप काढताच जुना तानपुरा संपला. ओळखीचा आवाज हा पुरावाही त्यांना पुरेसा नाही. कापलेले केस पुन्हा वाढले की आपण ‘तेच केस’ म्हणतो, ते नुसत्या सारखेपणामुळे, हा शास्त्रातला जुना दाखला आहे.

मीमांसकांची वाट निराळी आहे. त्यांच्या मते वर्ण नित्य आहे. आज उच्चारलेला ‘ग’ आणि उद्याचा ‘ग’ एकच, ध्वनी फक्त त्याला प्रकट करतो. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजे केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५), यांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. न्यायातली ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवलेले लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेतले. दोन्ही बाजू एका छपराखाली अभ्यासल्या गेल्या, हे इथल्या विद्येचे वैभव आहे.

मीमांसकांचा सिद्धांत वेदाच्या प्रामाण्यासाठी मांडलेला आहे. तो उचलून तानपुऱ्याच्या नादाला लावणे बरोबर नाही. चिपमधल्या मजकुराची गोष्ट मात्र वेगळी. तो मजकूर म्हणजे ठरावीक क्रमाने मांडलेली अक्षरे, आणि अशी अक्षरे शरीर बदलून टिकवण्याची कला या देशाने हजारो वर्षे जोपासली आहे. वेदपाठी जातो, पाठ राहतो, कारण तो शिष्याच्या मुखी गेलेला असतो. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशी एकाच मंत्राची उलटसुलट पठणे होतात. त्यात एक अक्षर चुकले तरी लगेच कळते. चिप उतरवणारा कारागीर मूळ आणि नक्कल यांचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून पाहतो, तेव्हा तोही हेच करत असतो. सूर आकड्यांत मांडण्याचा विचारही या भागाला परका नाही. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, यांनी श्रुतींची मोजमापे घेऊन १९१०मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९७०च्या दशकात बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बनवली, तीही याच विश्वासावर.

म्हणून तोच मजकूर अक्षर न चुकता नव्या चिपवर गेला असेल, तर तानपुरा तोच. त्याच्या ओळखीचा गाभा आज्ञावलीत आहे आणि ती खंडली नाही. आवृत्ती बदलली असेल, तर मात्र ते जुन्या अंगातले नवे वाद्य आहे, आणि विकताना तसे सांगितले पाहिजे. नैयायिकांचा कडकपणा इथे उपयोगी पडतो. तो व्यवहारात प्रामाणिकपणा आणतो.

मिरजेच्या तानपुऱ्यापाशी हे माप बदलते. शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब हत्यारांच्या कामातून वाद्यांकडे वळले आणि मिरजेची परंपरा सुरू झाली. २०२४मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि १९३७पासून ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. हाताने घडलेल्या तानपुऱ्याची तार तुटते, खुंटी झिजते, भोपळ्याला तडा जातो, घोडी घासून पुन्हा पुन्हा जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढावी लागते. जवारी दर वेळी थोडी वेगळी लागते, तरी कोणी म्हणत नाही की वाद्य बदलले. त्याची आज्ञावली कारागिराच्या बोटांत आणि कानांत आहे, मुलाकडे आणि शागिर्दाकडे गेलेली आहे. फरीदसाहेबांनंतर इतक्या पिढ्या गेल्या तरी मिरजेचा तानपुरा दुरुस्त होतो तो याच कारणाने.

जीर्ण मूर्तीबद्दल धर्मशास्त्राची भूमिकाही अशीच स्पष्ट आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधु’त जीर्णोद्धाराचा विधी आहे. मूर्ती भंगली म्हणून देवत्व संपत नाही; ते विधिपूर्वक नव्या मूर्तीत स्थापन करता येते. मात्र विधी जाणणारा माणूस लागतो. तो ज्ञान घेऊन निघून गेला तर दगड दगडच राहील.

खरा धर्मप्रश्न इथे उभा राहतो. वाद्य बनवणे थांबवणाऱ्याला आज्ञावली कुलपात ठेवण्याचा नैतिक अधिकार आहे का? निर्मात्याचा हक्क वाद्य विकले जात असेपर्यंत समजण्यासारखा आहे. पण नवे देणार नाही, जुने दुरुस्त करणार नाही आणि मजकूरही कुणाच्या हाती पडू देणार नाही, असे झाले तर तो पाठ शिष्याविना मरतो. विद्या दडवून नष्ट होऊ देणे आपल्या परंपरेने कधी पुण्य मानलेले नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ कायदेशीर धारकाला संगणकीय आज्ञावलीची राखीव प्रत काढू देते; नाश किंवा बिघाडापासून संरक्षण म्हणून आणि मूळ उपयोगापुरतीच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे तिच्यासमोर होती. वाद्यांचे वेगळे क्षेत्र त्यांत नव्हते.

ज्यांच्या घरी बंद झालेल्या मॉडेलचा तानपुरा, तबला मशीन किंवा सिंथेसायझर अजून वाजतो आहे, त्यांनी जाणकाराकडून त्याची चिप आत्ताच वाचून घ्यावी, मॉडेल आणि आवृत्ती लिहून ती प्रत जपून ठेवावी. निर्मात्यांनी मॉडेल बंद करताना त्याची आज्ञावली शिवाजी विद्यापीठाच्या संगीत विभागासारख्या ठिकाणी ठेव म्हणून द्यावी. आणि दुरुस्तीच्या हक्काची यादी पुढे वाढेल तेव्हा तिच्यात वाद्यांचे नाव घालावे, ही मागणी मिरजेच्या कारागिरांनी आणि गाणाऱ्यांनी मिळून करावी.