संपाचा हक्क: करार, स्वातंत्र्य आणि कायदा

संपाच्या कल्पनेत एक तात्त्विक अडचण आहे. नोकरी सोडलेला माणूस मोकळा असतो, कामावर हजर असलेला बांधलेला. संपकरी या दोहोंत बसत नाही. तो काम थांबवतो, पण नोकरी आपलीच आहे असे म्हणतो आणि आपल्या जागी दुसरा घेऊ नये असा आग्रहही धरतो. मालकाने ठरलेली मजुरी अडवली तर तो करारभंग ठरतो. मग कामगाराने ठरलेले श्रम अडवणे वेगळे कसे? हा आक्षेप जुना आहे, आणि सहज झटकण्यासारखा नाही.

त्याचे उत्तर करारातल्या दोन पक्षांच्या असमान बळात शोधले जाते. मालक थांबू शकतो, अनेक मजूर आठवडाभरही थांबू शकत नाहीत, हे ॲडम स्मिथने 1776 मध्येच नोंदवले होते. श्रम साठवता येत नाहीत. आजचा खाडा उद्या विकता येत नाही. एकेकट्याला नसलेली ताकद एकत्र येऊन मिळवणे, हा संघटनेचा पाया. वसाहतीच्या काळातील कायद्याने मात्र ही विषमता उलट बळकट केली. आगाऊ पैसे घेऊन काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला 1859 च्या कायद्याने तुरुंगात धाडता येई. तो कायदा 1925 साली रद्द झाला. पुढच्याच वर्षीच्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनांना कटाच्या आरोपापासून आणि काही दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले.

संप कधी नैतिक ठरतो, याची दोन भिन्न उत्तरे भारतात मिळाली. अहमदाबादच्या 1918 च्या गिरणी संपात गांधींनी अटी घातल्या: हिंसा नको, कामावर जाणाऱ्यांना त्रास नको, दानावर न जगता दुसरी मजुरी करून पोट भरावे. कामगारांची मागणी 50 टक्के वाढीची, मालकांची तयारी 20 टक्क्यांची. गांधींनी तपास करून 35 टक्के रास्त ठरवले. कामगार डळमळू लागल्यावर त्यांनी उपोषण केले. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई गांधींचे स्नेही, तर त्यांची बहीण अनसूया कामगारांच्या बाजूने. उपोषणाने मालकांवर दडपण आले, हा दोष गांधींनी आत्मचरित्रात स्वतः कबूल केला आहे. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी 35 टक्केच मंजूर केले. या भूमिकेत संपाचे समर्थन मागणीच्या न्याय्यतेवर टिकते. म्हणून न्याय्यता ठरवणारा तिसरा कोणीतरी लागतो.

हा तिसरा म्हणजे सरकार झाले की प्रश्न बदलतो. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने 1938 मध्ये आणलेल्या औद्योगिक तंटे विधेयकात समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधीचा संप बेकायदा ठरत होता. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्यावर केलेला युक्तिवाद गांधींच्या अटींपासून पूर्ण वेगळा आहे. नोकरीचा करार मोडणे ही दिवाणी बाब. मोजके अपवाद सोडले तर दंडसंहिता तिला गुन्हा मानत नाही. माणसाला शिक्षेच्या धाकाने इच्छेविरुद्ध कामाला लावणे ही गुलामी होय, म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव ठरते. इथे मागणी बरोबर की चूक हा मुद्दाच उरत नाही. त्या वर्षी 7 नोव्हेंबरला विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. शिक्षेविरुद्ध हा युक्तिवाद अभेद्य वाटतो. मात्र शिक्षा टळली म्हणून नोकरी टिकते असे नाही. तिथे पुन्हा विषम बळाचाच आधार घ्यावा लागतो.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी या दोन्ही युक्तिवादांना फारशी जागा दिली नाही. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात साठच्या दशकाच्या आरंभी ठरवले. तमिळनाडू सरकारने सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना काढून टाकल्यानंतरच्या 2003 च्या रंगराजन निकालात न्यायालय पुढे गेले: सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा नैतिक हक्कही नाही. कायद्याचा निर्णय देताना नीतीचाही देऊन टाकणे, तेही फारशी मीमांसा न करता, ही या निकालाची सर्वांत कच्ची बाजू आहे. रुग्ण, प्रवासी, विद्यार्थी यांना झळ बसते ही चिंता खरी आहे. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समित्या बंदीसाठी काटेकोर कसोटी लावतात: सेवा थांबल्याने जीव, सुरक्षितता वा आरोग्य धोक्यात येते का? शिवाय जिथे बंदी आहे तिथे निःपक्ष लवाद हवा, असे त्या म्हणतात.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये कल उलट दिसतो. पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती असलेली नोटीस आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू आहे: किमान 14 दिवस आधी. नोटिशीनंतर समेट अधिकाऱ्याची पहिली बैठक झाली की समेट सुरू झाला असे धरतात, आणि समेट चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. बेकायदा संपाला 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.